नववीतलं लेकरू, ‘शाळा’ आणि आपण

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कर्वेनगरहून आम्ही सगळ्याजणी तुमच्याशी बोलतोय. हातातली कामं चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडा, तांदूळ निवडत असाल तर निवडा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही एका पुस्तकाची गोष्ट सांगणार आहोत, आणि त्या पुस्तकाच्या निमित्तानं आपल्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या लेकरांची.

आमचा वाचनाचा गट आहे. शनिवारी दुपारी आम्ही दहा-बाराजणी जमतो. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी मेसमध्ये पोळ्या लाटणारी, कुणी शिवणकाम करणारी, कुणी नातवंडं सांभाळणारी. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि मग त्यावर बोलायचं. जिला वाचायला जड जातं तिलाही बोलायला काही अडचण नसते. तुमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा हिशेब संपला की जशा गप्पा निघतात, तशाच ह्या.

आमच्यात सगळ्यात जास्त निघणारा विषय म्हणजे मोठी होणारी मुलं. ‘पोरगी आधी किती बोलायची, आता दार लावून बसते.’ ‘पोरगा विचारलं तर खेकसतो.’ ‘काय चाललंय डोक्यात, काही कळत नाही.’ हे वाक्य तुमच्याही गावात रोज कुठे ना कुठे उमटत असणार. म्हणून आम्ही ठरवलं, की ज्या पुस्तकात अशा लेकराचं डोकं आतून दिसतं, ते वाचायचं. पुस्तकाचं नाव ‘शाळा’. लेखक मिलिंद बोकील. २००४ साली मौज प्रकाशनानं ही कादंबरी काढली. पुढे तिच्यावर सुजय डहाके यांनी ‘शाळा’ याच नावाचा सिनेमा केला, त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्यातल्या काहीजणींनी तो टीव्हीवर पाहिलाही असेल.

बोकील हे समाजाचा अभ्यास करणारे लेखक. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा गावानं आपला कारभार आपल्या हाती कसा घेतला, त्यावर त्यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिलंय. कातकरी समाजावरही लिहिलंय. गावाकडे नीट बघणारा, माणसाचं बोलणं नीट ऐकणारा हा लेखक आहे. ‘शाळा’तही त्यांनी तेच केलंय, फक्त इथे त्यांनी चौदा वर्षांच्या मुलाचं ऐकलंय.

गोष्ट अशी. मुकुंद जोशी नावाचा मुलगा नववीत आहे. साल आहे १९७५-७६. त्याचे तीन जिवलग दोस्त आहेत, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या. एका अर्धवट बांधकाम झालेल्या इमारतीत हे चौघं जमतात. तिथे मोठी माणसं नसतात, मास्तर नसतात, आईबाप नसतात. शाळेत मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. एकमेकांशी बोलायची पद्धत नाही. आणि मुकुंदाला त्याच्या वर्गातली शिरोडकर नावाची मुलगी आवडायला लागते. बस, एवढीच गोष्ट. खून नाही, दरोडा नाही, पळून जाणं नाही. एक वर्ष. शाळा भरते, सुटते, परीक्षा होते, निकाल लागतो. पण वर्ष संपतं तेव्हा तो मुलगा आधीचा राहिलेला नसतो. चौघांची जोडी फुटते, शिरोडकर गाव सोडून जाते, आणि मुकुंद एकटा दहावीकडे बघत उभा असतो.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? आमच्यातलीही एक असंच म्हणाली. ‘ही थेरं वाचून पोरांनी काय शिकायचं?’ ती म्हणाली. ‘अभ्यासाच्या वयात अभ्यास करावा.’ तिचं म्हणणं आम्ही उडवून लावलं नाही. कारण ते खोटं नाही, आईचं काळीज असंच बोलतं. पण दुसरी एकजण म्हणाली, ‘अगं, पुस्तक वाचून मन थोडंच उगवतं? मन आधीच उगवलेलं असतं. पुस्तकानं फक्त आपल्याला ते दाखवलं.’ मग आम्ही ठरवलं, की पुस्तक पूर्ण होईपर्यंत बरं-वाईट ठरवायचं नाही. आधी ऐकून घ्यायचं. लेकरांशी वागतानाही हाच नियम बरा, हे आम्हाला पुढे पुढे कळत गेलं.

पुस्तक ऐकताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की या वयाच्या मुलाला सगळ्यात मोठी भीती परीक्षेची नसते. भीती असते ती आपण चारचौघांत वेगळे पडू याची. दोस्तांनी हसू नये. आपल्याला आपल्या टोळक्यात जागा असावी. त्यासाठी मुलं काय काय करतात! एकमेकांना टोपणनावं ठेवतात. आपसात वेगळीच भाषा बोलतात. मुकुंद घरी एक भाषा बोलतो, दोस्तांत दुसरी, मास्तरांपुढे तिसरी. आपल्याला वाटतं पोरगं खोटं वागतंय. खरं म्हणजे ते आपली जागा शोधत असतं. आपण सासरी नवीन गेलो तेव्हा काय केलं होतं? माहेरचा शब्द तोंडात आला की गिळला. त्यांच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत म्हणून आपणही घालायचा सोडला. कुणी हसू नये म्हणून आपण जसं वागलो, तसंच चौदा वर्षांचं पोर वर्गात वागत असतं. फरक इतकाच, की आपल्याला निदान आईनं चार गोष्टी सांगून पाठवलं होतं. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट. हे वर्ष आणीबाणीचं आहे. २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी लागली. सभा-मोर्चे बंद, वर्तमानपत्रांवर बंधनं, अनेकांना तुरुंगात टाकलं. आमच्यातल्या सत्तरीच्या एकीला ते दिवस चांगले आठवतात. मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची, पोरं आली की गप्प व्हायची. कादंबरीत हे सगळं मुलांच्या कानावर उडतउडत येतं. बाहेर मोठ्यांचं तोंड बंद, आणि शाळेत मुलांचं. कुणी काय विचारायचं नाही, कुणी काय बोलायचं नाही. शिस्त शिस्त म्हणून जे चालतं, त्यात भीतीच जास्त असते. आपल्या घरातही आपण कधी कधी अशी छोटी आणीबाणी लावतो. ‘या विषयावर बोलायचं नाही’ म्हणतो. मग मुलं बोलायची थांबतात, पण विचार करायची थांबत नाहीत. ती दुसरीकडे जाऊन बोलतात. अर्धवट बांधलेल्या इमारतीत, नाहीतर आजच्या काळात मोबाइलवर.

तिसरी गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. मुकुंदाला एक नरूमामा आहे. वयानं त्याच्यापेक्षा मोठा, पण मनानं जवळचा. त्याच्याशी मुकुंद मोकळेपणानं बोलू शकतो. मामा त्याची चेष्टा करतो, पण त्याला खाली पाडत नाही. प्रत्येक लेकराला असा एक माणूस लागतो. आईच असायला हवी असं नाही. कधी आईला सांगता येत नाही ते मावशीला सांगता येतं, आत्याला, आजीला, शाळेतल्या एखाद्या बाईंना, अंगणवाडीच्या ताईंना. मैत्रिणींनो, तुमच्या मुलीचा असा एक माणूस कोण आहे, ते आज रात्री भाकरी थापताना आठवून बघा. नाव आठवलं तर त्या माणसाला जपा. नाही आठवलं तर शोधा. आणि हेही बघा, की तुम्ही कुणाच्या लेकीसाठी असा माणूस होऊ शकता का. आपल्या लेकीपेक्षा जावेची लेक आपल्याशी जास्त मोकळं बोलते, असं होतंच की.

इथवर आलो आणि मग आमच्या गटात खरी चर्चा पेटली. ही सगळी गोष्ट मुकुंद सांगतो. मुलाच्या तोंडून. तो शिरोडकरच्या मागे मागे लांबून चालतो, तिच्या घरावरून फेऱ्या मारतो. वाचताना गोड वाटतं, कारण आपण त्याच्या डोक्यात बसलेलो असतो. पण शिरोडकरच्या डोक्यात काय असेल? तिला ते गोड वाटत असेल, की धाकधूक होत असेल? कुणी बघितलं तर घरी काय सांगायचं, हे तिला आधी सुचत असेल. कारण मुलाचं नाव निघालं तर त्याला छड्या बसतात, आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत असतो. मुलीचं नाव निघालं की तिची शाळाच धोक्यात येते.

इथे आमच्यातली एक मैत्रीण बोलायला लागली. ती मूळची सोलापूर जिल्ह्यातली. आता कर्वेनगरात मुलींच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. ती नववीत होती तेव्हा तिच्या वहीत एक चिठ्ठी सापडली. कुणी ठेवली ते तिला आजतागायत माहीत नाही. चिठ्ठीत तिचं नाव होतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं. ती चिठ्ठी भावाच्या हातात पडली. तिला कुणी मारलं नाही, कुणी ओरडलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर गेलं. पावसाळ्याआधी लग्न झालं. तेव्हा तिला पंधरावं चालू होतं. ती म्हणाली, ‘मला कुणी एक प्रश्न विचारला असता ना, की बाई गं, हे काय आहे, तर मी सांगितलं असतं की मला ठाऊक नाही. पण प्रश्नच नाही आला. निकालच आला.’

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. 

मैत्रिणींनो, हे एकीचं दुखणं नाही. नववी हे वर्षच आपल्याकडे कठीण. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंतच धरतो. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, सातवीला किंवा आठवीला संपते. पुढे हायस्कूल दुसऱ्या गावाला. म्हणजे ज्या वर्षी मुलगी शहाणी होते, त्याच सुमाराला तिला गावाबाहेर जायची वेळ येते. एसटीची वाट बघायची, फाट्यावर उभं राहायचं, पावसाळ्यात ओढा ओलांडायचा. शाळेत मुतारी धड नसली तर त्या चार दिवसांत घरीच बसायचं. आणि त्यात कुणी एखादा शब्द बोललं, एखादी चिठ्ठी निघाली, मोबाइलवर एखादा फोटो फिरला, की घरचे म्हणतात, ‘नकोच ती शाळा.’ अब्रू सांभाळायची म्हणून शाळा सोडवायची, आणि शाळा सोडली की मग ‘बसवून किती दिवस ठेवणार’ म्हणून लग्न. एकातून एक निघत जातं. कुणाला वाईट करायचं नसतं, तरी वाईट होऊन जातं.

ही साखळी तोडायची जागा एकच आहे. ती म्हणजे पहिला क्षण. चिठ्ठी सापडली, कुणी येऊन कान भरले, त्या क्षणी आपण काय करतो. निकाल देतो, की प्रश्न विचारतो?

अशा क्षणी एका आईनं काय केलं, ते दुसऱ्या एका पुस्तकात आहे. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ साली आलं. रत्नागिरीकडच्या फणसवळे गावचं त्यांचं घराणं. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, सुपं, टोपल्या. उर्मिलाताईंची आई आयदानं विणून मुलांना शिकवायची. वडील लवकर वारलेले. शाळेत एका मास्तरांनी लहानग्या उर्मिलेला शेण काढायला लावलं. तिनं नकार दिला, तर मारलं. जातीमुळे हे काम तिच्या माथी येत होतं. घरी येऊन तिनं सांगितलं. आता त्या आईपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे ‘नको जाऊ उद्यापासून.’ दुसरी म्हणजे मास्तरांना विचारणं. तिनं मास्तरांना गाठलं आणि खडसावलं, की माझ्या मुलीला का मारलंत? विधवा, गरीब, दलित बाई, हातात विणायची कामटी. पण ती मुलीच्या बाजूनं उभी राहिली. आणि ती मुलगी शिकली, नोकरी केली, लेखिका झाली. आईनं त्या दिवशी फक्त एक विचारणा केली. पण मुलीला कळलं, की आपल्या पाठीमागे कुणीतरी आहे.

मुकुंदाच्या गोष्टीत जातीचा असा काच नाही. म्हणून ती गोष्ट सगळ्यांची म्हणता येत नाही, हेही आमच्या बोलण्यात आलं. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ सिनेमा आठवा, २०१३ चा. त्यातला जब्याही याच वयाचा, त्यालाही वर्गातली शालू आवडते. पण जब्याला आधी हे लपवावं लागतं की त्याच्या घरचे गावासाठी डुकरं धरतात. मुकुंदाला दोस्तांनी हसू नये म्हणून धडपड करावी लागते, जब्याला अख्ख्या गावानं हसू नये म्हणून. ‘चारचौघांत बसणं’ सगळ्यांना सारखं सोपं नसतं. वर्गात एखादं पोर एकटं बसत असेल, त्याचा डबा कुणी वाटून खात नसेल, तर ते का, हे आपण आपल्या मुलांना विचारायला हवं. आपलं पोर हसणाऱ्यांत असेल तर तेही आपल्याला कळायला हवं.

आता मुलग्यांच्या आयांशी दोन शब्द. ‘शाळा’ वाचताना आम्हाला एक गोष्ट पटली. ही मुलं वाईट नाहीत. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं. मुलगी आवडणं हा गुन्हा नाही, हे मुलाला सांगा. पण तिच्या मागे मागे जाणं, वाट अडवणं, तिचं नाव भिंतीवर लिहिणं, तिचा फोटो पुढे पाठवणं, यानं तिची शाळा सुटू शकते, हेही त्याच दमात सांगा. ती नाही म्हणाली की विषय संपला. सिनेमात हिरो मागे लागतो आणि शेवटी ती हो म्हणते, ते सिनेमात. आणि एक लक्षात ठेवा. अठराच्या आतल्या लेकराशी लैंगिक गैरवागणूक झाली तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. तो कडक आहे. पण कायद्याच्या भीतीआधी आईचा शब्द पोचला तर जास्त बरं. मुलगा ऐकत नाही असं वाटतं, पण ऐकत असतो. मुकुंदसारखी मुलं मोठ्यांचा शब्द न् शब्द मनात साठवतात, फक्त चेहऱ्यावर दाखवत नाहीत.

आता थोडं आमच्या कर्वेनगराबद्दल. कारण तुमच्यातल्या काहीजणींच्या मुली उद्या इथे शिकायला येतील. आज इथे मुलींची वसतिगृहं आहेत, मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, गल्लोगल्ली मेस आणि कॉट बेसिसच्या पाट्या आहेत. जून-जुलैत आईबाप मुलीला सोडायला येतात. हातात गादी, बादली आणि चिवड्याचा डबा. पहिले काही महिने त्या मुलींचं कसं जातं, ते आम्ही रोज बघतो. ‘व्हय’ म्हणणारी ‘हो’ म्हणायला शिकते. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी आधी लपवून खाते. आईशी फोनवर बोलताना गच्चीवर जाते, कुणाला गावची बोली ऐकू जाऊ नये म्हणून. नववीत मुकुंद जे करत होता, तेच ही अठराव्या वर्षी पुन्हा करते. आणि मग एक दिवस खोलीतल्या मुली तीच चटणी मागून खातात, आणि ती मोकळी होते. मुलगी फोनवर तुटक बोलली म्हणून लगेच ‘शिंगं फुटली’ म्हणू नका. ती जागा करून घेतेय.

हे गाव पूर्वी हिंगणे बुद्रुक होतं. सगळं माळरान. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० साली तो इथे हिंगण्याला एका झोपडीत आणला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, आणि तिथून चिखल तुडवत इथे यायचे. त्या झोपडीत आलेल्या मुलींना जगात कुठेच जागा नव्हती. सासरी नको, माहेरी ओझं, आणि गावाला अपशकुन. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले त्यांतल्याच. मूळच्या देवरुखच्या, ऐन विशीच्या सुमारास विधवा झालेल्या, पदरात मूल. शिकल्या सव्विशीत. पुढे आश्रमाचं काम केलं, गावोगाव फिरून देणग्या गोळा केल्या, आणि इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला जाऊन, तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं पुस्तक आहे. ज्या बाईला चारचौघींत बसायची परवानगी नव्हती, तिनं दुसऱ्या मुलींसाठी बसायला जागा केली. आज इथल्या रस्त्यानं पाठीला सॅक लावून मुली घोळक्यानं हसत जातात, तेव्हा ही आठवण आम्हाला येते.

आता ऐकून झाल्यावर करायचं काय, ते सांगतो.

पहिलं. ‘शाळा’ हे पुस्तक तुमच्या गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात मागा. नसेल तर मागणी नोंदवा, किंवा गटातून एक प्रत घ्या. महिन्याच्या बैठकीत वीस-पंचवीस मिनिटं एकीनं मोठ्यानं वाचा. मुलगी वाचणारी असेल तर तिलाच बोलवा, वाचून दाखव म्हणा. काही शब्द पोराटकीचे आहेत, ते ऐकून लाजू नका. त्यातूनच बोलणं निघतं. भाषा सोपी हवी असेल आणि बालपण हवं असेल तर प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या गोष्टी आहेत, ‘वनवास’पासून सुरुवात करा. बेळगावकडच्या मुलाच्या आहेत, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या.

दुसरं. वाचून झालं की तीन प्रश्नांवर बोला. ही गोष्ट शिरोडकरनं सांगितली असती तर कशी सांगितली असती? आपण नववीच्या वयात असताना आपल्याला कुणी काय विचारायला हवं होतं? आणि आपल्या गावात मुलीचं नाव निघालं तर आपला गट काय करेल? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेळ येण्याआधीच ठरवून ठेवा. चार बाया मिळून एखाद्या घरी गेल्या, चहा घेतला आणि ‘पोरीची शाळा थांबवू नका’ एवढंच म्हणाल्या, तरी फरक पडतो. एकट्या आईला घरात बोलता येत नाही. गटाच्या तोंडून तेच जड वाटतं.

तिसरं, काही उपयोगी गोष्टी. मुलीचं लग्न १८ पूर्ण होण्याआधी आणि मुलाचं २१ च्या आधी लावता येत नाही, बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. गावात असं लग्न ठरत असेल तर ग्रामपंचायतीत सांगता येतं. १०९८ हा लेकरांसाठीचा मोफत नंबर आहे, तो दिवसरात्र चालतो. मुलगीही लावू शकते, शेजारीणही लावू शकते. शाळेला जायला मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो काढला नसेल तर शाळेत विचारा. आणि शाळा सुटली असली तरी सगळं संपलेलं नसतं. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा बाहेरून देता येते. आमची ती सोलापूरची मैत्रीण, तिनं तो फॉर्म भरला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. गणितात काठावर, मराठीत चांगले गुण. आता आमच्या गटात ‘शाळा’ मोठ्यानं वाचायची पाळी आली की ती स्वतःहून पुढे सरकते.

चौथं आणि शेवटचं. आज संध्याकाळी मुलगा किंवा मुलगी शाळेतून आली की ‘किती मार्क पडले’ हे विचारू नका. ‘आज कुणाशेजारी बसलीस?’ एवढंच विचारा. उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तर उद्या पुन्हा विचारा. रागावू नका, लगेच शिकवण देऊ नका. काही दिवसांनी ती आपणहून सांगायला लागेल, की कोण हसलं, कोण रुसलं, कोणी चिठ्ठी दिली. आणि ती सांगेल तेव्हा तुमच्या हातात निकाल नको, प्रश्न हवा.

तुमच्या गटात यावर काय बोलणं झालं ते आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, त्या निमित्तानं तीही वाचेल. पुढच्या वेळी तुमची पत्रं वाचू. तोवर नमस्कार, आणि लेकरांना आमचे आशीर्वाद.